नकाराचा निरोप

शकुन होले २००४ साली कंपनीत लागली ती लेबलं छापायला. अमरावतीच्या एमआयडीसीत भाजीपाल्याचं बियाणं तयार करणारी ही कंपनी. भेंडी, वांगी, चवळी, थोडी मिरची. प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, तारीख छापावी लागते, आणि त्यातला एक आकडा चुकला तर अख्खा माल अडतो. शकुन वलगावच्या माळ्याच्या घरची. वडील वामनराव मेथी-पालक आणि झेंडू करायचे. पुढं सासरही गावातच मिळालं. तिनं आयटीआयमधून कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स केला होता आणि आकडे वाचताना तिची नजर घसरत नसे. एवढ्यावर नोकरी मिळाली.

२०१३ साली कंपनीनं सर्व्हर घेतला. सगळ्यांच्या फायली ठेवायची एकच मोठी जागा. अमरावतीचं ऑफिस, अकोल्याची प्रयोगशाळा आणि अकोटचं केंद्र, तिन्हीकडून तीच फोल्डरं उघडायची. नागपूरहून आलेला इंजिनियर दोन दिवस राहिला. पहिल्या दिवशी त्याच्याभोवती सातआठ माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी एकटी शकुन उरली. तिनं शंभर पानी वहीत सगळं उतरवून घेतलं, न कळलेलं तीनतीनदा विचारलं. इंजिनियर गेला आणि त्यानंतर काहीही अडलं की लोक लेबलच्या खोलीत येऊ लागले. तिचं पद मात्र २०१९पर्यंत कागदोपत्री 'लेबल सहायक' असंच राहिलं. तिनं त्याबद्दल एकदा अर्ज केला, उत्तर आलं नाही, दुसरा अर्ज केला नाही.

२०२२च्या जूनमध्ये अकोल्याला एक घोळ झाला. कुणीतरी गेल्या वर्षीची भेंडीच्या उगवणशक्तीची फाईल यंदाच्या फाईलवर सेव्ह केली. चुकीच्या आकड्यांची पाकिटं छापून झाली होती. माल गाडीत चढायच्या आधी प्रयोगशाळेच्या प्रमुख रागिणी भुयार यांच्या ते लक्षात आलं, पण चार दिवस गेले. कुणी केलं ते कळलं नाही, कारण तेव्हा कुणीही कुठलंही फोल्डर उघडू शकत होतं.

व्यवस्थापक सागर गावंडे अमरावतीला बसायचे. वय अडतीस, बोलणं तुटक, मनानं वाईट नाहीत. त्यांनी शकुनला बोलावलं.

"सोमवारपर्यंत सगळी फोल्डरं बंद करा. ज्याचं त्याला. बाकी कुणाला दिसायला नको."

"यादी लागेल सर. कोणाले काय पाहिजे त्याची."

"देतो."

शनिवारी यादी आली. एकेचाळीस फोल्डरं आणि प्रत्येकापुढं नावं. शकुननं दिवसभर बसून एकेक फोल्डर बंद केलं. 'अकोट प्लॉट' या फोल्डरपाशी ती थांबली. तिथं अकोल्याच्या पाच जणांची नावं होती. खुशालराव टवलारे यांचं नव्हतं.

खुशालराव अकोटच्या केंद्रावर बसत. ज्या शेतकऱ्यांच्या शेतात कंपनीचं बियाणं पिकायचं, त्या शेतांवर फिरायचं, वेगळ्या जातीची झाडं दिसली की उपटायला लावायची, आणि काय पाहिलं ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. 'अकोट प्लॉट'मधलं जवळजवळ सगळं लिखाण त्यांचंच. दोन बोटांनी टाइप केलेलं, नऊ वर्षांचं. पण पगारपत्रकावर ते अमरावतीचे होते, आणि यादी करणाऱ्यानं अकोला शाखेची नावं उचलून टाकली होती.

शकुनच्या हे लक्षात आलं. तिला वाटलं, सोमवारी उघडलं नाही तर फोन करतील, तेव्हा देऊ. साडेपाच वाजले होते आणि अजून अकरा फोल्डरं राहिली होती. ती पुढं गेली.

सोमवारी तिचा फोन दिवसभर वाजत होता. ज्यांना अडचण आली त्यांनी फोन केले, काहींनी ओरडून केले, तिनं नावं घातली. बुधवारपर्यंत फोन थांबले. खुशालरावांचा आला नाही. तेही तिच्या डोक्यातून गेलं.

पुढच्या सोमवारी सागर सरांचा एका ओळीचा मेल आला. टवलारे यांनी राजीनामा दिला आहे, नोटिशीचा एक महिना संपला की त्यांचं खातं बंद करावं. सोबत पत्राचा फोटो होता. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, प्रकृतीच्या कारणास्तव.

शकुननं त्यांचं खातं उघडलं. कोणत्या तारखेला बंद करायचं ते घालायचं होतं. फोल्डरं बंद केल्यापासून कुणाला कधी नकार गेला याची नोंद सर्व्हर ठेवू लागला होता. ती तिनं सहज पाहिली. सोमवारी सकाळी नऊ दहाला एकदा. नऊ बाराला एकदा. मग दुपारी. मंगळवारी पाच वेळा. बुधवारी, गुरुवारी. शुक्रवारी सकाळी शेवटचं. एकूण तेवीस वेळा त्या माणसानं आपलंच फोल्डर उघडायचा प्रयत्न केला होता, आणि तेवीस वेळा त्याला इंग्रजीत तीन शब्द दिसले होते, 'ॲक्सेस इज डिनाइड', परवानगी नाही. राजीनाम्यावर शुक्रवारची तारीख होती.

तिनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुपारी पुन्हा लावला. संध्याकाळी कुणीतरी उचलला आणि न बोलता ठेवला.

रविवारी ती वलगावच्या फाट्यावरून अकोटच्या एसटीत बसली. घरी तिनं एवढंच सांगितलं की कामानं चालले. अंजनगावला गाडी अर्धा तास थांबली. अकोटला उतरून तिनं पत्ता विचारला तेव्हा बारा वाजून गेले होते.

दार कौशल्याबाईंनी उघडलं. खुशालरावांच्या पत्नी. त्यांनी शकुनला कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच ओळखलं.

"लेबलवाल्या ना तुमी? या, बसा. थे मांगं हायेत, बोलावते."

खुशालराव हात धुऊन आले. उंच, वाळलेले, पांढरा सदरा. खुर्ची ओढून बसले. चहा आला. शकुननंच विचारलं.

"खुशालभाऊ, राजीनामा काहून देल्ला?"

"प्रकृती."

"काय झालं प्रकृतीले?"

कौशल्याबाई दारातूनच म्हणाल्या, "काही नाही झालं प्रकृतीले. चार दिवस जेवले नाहीत, एवढंच."

"तू जा बरं आत," खुशालराव म्हणाले. त्या गेल्या नाहीत. मग ते शकुनकडं वळले. "बाई, कंपनीले मानूस नको असला तं सांगते थे कोनाच्या तरी हातानं. पत्र देते. बोलावून घेते. मले मशिनीनं सांगतलं. माह्याच वहीवर लिहून देल्लं, नाही म्हनून. मंग म्या म्हटलं, समजाचं तेवढं समजलं."

"मशीन सगळ्याइले नाही म्हणून राहिली होती त्या दिवशी. सगळ्याइनं फोन केले. तुमी काहून नाही केला?"

खुशालरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"चोवीस वर्ष झाले. कोन्या वावरात कवा जाचं हे म्या कोनाले विचारलं नाही. आता माहं लिहिलेलं मलेच वाचाले द्या म्हनून फोन करू? कोनाले करू? काय म्हनू?"

मग शकुन जे सांगायचं ठरवून आली होती ते तिनं सांगितलं.

"भाऊ, यादीत तुमचं नाव नव्हतं. चुकून राहिलं होतं. आनं मले दिसलं होतं थे. त्याच दिवशी. मी म्हटलं, तुमी फोन करसान तवा घालू. मले संध्याकाळची घाई होती."

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

"बरं," खुशालराव म्हणाले. "सांगतलं थे बरं केलं." त्यापुढं ते प्लॉटबद्दल बोलले, यंदा भेंडीवर पिवळा रोग किती आहे, कोणत्या शेतकऱ्यानं शेजारी गावरान भेंडी लावून ठेवली आहे. परत येतो असं म्हणाले नाहीत. निघताना कौशल्याबाईंनी तिच्या पिशवीत घरच्या तुरीची डाळ घातली.

सोमवारी शकुननं खुशालरावांचं नाव 'अकोट प्लॉट'मध्ये घातलं आणि मग सागर सरांकडं गेली. तिनं त्यांनाही सगळं सांगितलं, आपल्याला नाव दिसलं होतं तेही. ऐकताना त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"हे कुठं लिहू नका," ते म्हणाले. मग, "त्यांना राजीनामा मागं घ्यायचा असेल तर एक ओळ लिहून द्यावी लागेल. मला वर दाखवायला काहीतरी पाहिजे."

"थे लिहून देणार नाहीत सर."

"मग मी काय करू?"

शकुननं दुसरी एक गोष्ट मागितली. सर्व्हरमध्ये एक सोय असते. बंद फोल्डर उघडायला गेलं की त्या तीन इंग्रजी शब्दांऐवजी आपण लिहिलेला मजकूर दाखवता येतो, आणि त्याखालच्या बटणावरून माणूस कारण लिहून परवानगी मागू शकतो. ते कारण मेलनं ठरावीक माणसाकडं जातं. इंजिनियरनं नऊ वर्षांपूर्वी ते पान दाखवलं होतं आणि पुढं लागेल तेव्हा पाहा म्हणाला होता.

"करा," सागर सर म्हणाले. "सगळे मेल माझ्याकडं येऊ द्या."

"तुमी महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असता. तोवर माणूस दारातच उभा राहील. ज्याचं फोल्डर त्याच्याकडं जाऊ द्या. प्रयोगशाळेचं रागिणी मॅडमकडं, पॅकिंगचं अश्विनकडं. त्यांनी ठरवावं. एक प्रत मले."

ते तयार झाले, पण मजकूर इंग्रजीत ठेवा म्हणाले, तपासणीला बाहेरची माणसं येतात. शकुननं मान डोलावली आणि मजकूर मराठीतच लिहिला.

तो लिहायला तिला आठवडा लागला. पहिला मसुदा असा होता: या फोल्डरसाठी आपणास परवानगी नाही, आवश्यकता असल्यास संबंधितांकडे विनंती करावी. सकाळी साडेपाचला घरी सासूबाई मैनाबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. शकुन मदतीला बसली होती. तिनं त्यांना तो वाचून दाखवला.

"कोनाले लिहिलं हे?" मैनाबाईंनी विचारलं.

"ऑफिसातल्या लोकाइले. खोली बंद असली तर दारावर लावाची चिठ्ठी समजा."

"त्यानं काय केलं म्हून बंद केली?"

"काहीच नाही केलं."

"मंग तसं लिही ना वं. हे तं हाकलून देल्यासारखं वाटते."

शकुननं ते खोडलं. शेवटी जो मजकूर राहिला तो असा: "हे फोल्डर काही ठरावीक जणांसाठीच उघडं ठेवलं आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या कामासाठी ते लागत असेल तर खालचं बटण दाबून कारण लिहा. तुमचं लिहिलेलं या फोल्डरच्या जबाबदार व्यक्तीकडं जाईल आणि दोन दिवसांत उत्तर मिळेल. घाई असेल तर शकुन होले यांना फोन करा." खाली तिचा नंबर. बटणावरचं इंग्रजी तिला बदलता आलं नाही.

मग प्रत्येक फोल्डरपुढं जबाबदार माणसाचा पत्ता भरला. एकेचाळीसपैकी सहा फोल्डरांचा धनी कोण ते कुणालाच सांगता येईना. दोघं सोडून गेलेले, एक वारलेले. त्या सहांसाठी ती खोल्याखोल्यांतून फिरली आणि नावं ठरवून घेतली. चाचणी केली तर मेल येईना. दोन दिवस गेले. शेवटी कळलं की मेल पाठवणारी बाहेरची सेवा सर्व्हरला ओळखत नव्हती, त्याचा मेल ती दारातच परत फिरवत होती. शकुननं मध्ये एक जुना कॉम्प्युटर बसवला. सर्व्हरनं त्याच्याकडं द्यायचं, त्यानं पुढं ओळख सांगून पाठवायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. तिनं तो उघडला, वाचला आणि चहाला गेली.

आणखी एक अडचण निघाली. अकोटच्या केंद्रावरची मशीन इतकी जुनी होती की तिच्यावर नवा मजकूर दिसणारच नव्हता. तिथं ते तीन शब्दच दिसत राहिले असते. ज्या माणसामुळं हे सगळं केलं त्याच्याच टेबलावर. लेबलच्या खोलीत एक चांगली मशीन होती, शकुन काम करायची ती. ती तिनं कंपनीच्या गाडीतून अकोटला पाठवली आणि स्वतः पॅकिंगमधल्या एका कोपऱ्यात, अश्विनच्या मशीनवर, आळीपाळीनं काम केलं. नवीन यायला सात आठवडे लागले.

पहिल्या आठवड्यात सतरा मेल आले. कारणाच्या रकान्यात लोकांनी काय काय लिहिलं होतं. "काम आहे." "साहेबांनी सांगितलं." "चुकून दाबलं, माफी." अश्विननं पूर्ण नाव, गाव, तालुका लिहून शेवटी 'आपला विश्वासू' असं लिहिलं होतं. त्याची विनंती नुकत्याच त्याच्याच नावावर आलेल्या फोल्डरसाठी होती, ती त्याच्याचकडं गेली आणि त्यानं ती मंजूर करून घेतली.

नोटिशीचा महिना संपायला पाच दिवस होते तेव्हा खुशालराव अकोटच्या केंद्रावर आले. किल्ल्या द्यायला आले होते. शकुननं पाठवलेली मशीन पाहून बसले. 'अकोट प्लॉट' उघडलं. मग त्यांनी दुसरं फोल्डर उघडायला घेतलं, अकोल्याच्या प्रयोगशाळेचं, उगवणशक्तीचं. आपल्या प्लॉटचं बी कसं उगवलं ते पाहायची त्यांना जुनी सवय. हे फोल्डर त्यांच्यासाठी बंद होतं आणि ते बरोबरच होतं. शकुननं तिथं त्यांचं नाव घातलं नव्हतं.

दुपारी दीड वाजता शकुनला मेल आला. खुशालराव टवलारे, उगवणशक्ती फोल्डर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं:

"उघडून द्या असं माझं म्हणणं नाही. बंद का केलं तेवढं सांगावं."

मेल रागिणी भुयार यांनाही गेला होता. उत्तर द्यायचं त्यांना होतं. शकुननं वाट पाहायचं ठरवलं, तरी दहा मिनिटांनी अकोल्याला फोन लावलाच. लाईन एंगेज होती. रागिणी मॅडम तोवर अकोटशी बोलत होत्या. जूनमधला घोळ, चुकीची फाईल, छापून झालेली पाकिटं, सगळं त्यांनी खुशालरावांना पहिल्यापासून सांगितलं. ती भेंडी अकोटच्याच प्लॉटची होती. खुशालरावांना यातलं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"माह्याच प्लॉटची होती काय थे?" त्यांनी विचारलं म्हणे. आणि थोड्या वेळानं, "मंग बंदच ठेवा थे. मले वाचाले मिळालं तरी पुरे."

रागिणी मॅडमनी त्यांना वाचण्यापुरती परवानगी दिली. लिहिता येणार नाही, पाहता येईल.

राजीनामा मागं घ्यायची ओळ त्यांनी लिहिली का, यावर ऑफिसात दोन मतं होती. सागर सरांच्या फायलीत एक कागद आहे. त्यावर खुशालरावांनी लिहिलंय की भेंडीचा हंगाम होईपर्यंत थांबतो. सरांनी तेवढं वर दाखवलं आणि चाललं. हंगाम झाला, मग वांगी आली, मग पुन्हा भेंडी. खुशालराव वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी रीतसर निवृत्त झाले. शकुनशी ते पूर्वीइतकंच बोलत, म्हणजे कमी. त्यांनी तिला कधी फोन केला नाही. काही लागलं तर बटण दाबून लिहीत आणि कारण नेहमी पूर्ण वाक्यात असे.

शकुननं त्यानंतर आपली पद्धत बदलली. एखादं फोल्डर बंद करायचं झालं की ते गेल्या तीन महिन्यांत कुणी कुणी उघडलं याची यादी ती आधी काढते आणि प्रत्येकाला फोन करून सांगते की उद्यापासून बंद होतंय, अमुक कारणानं. यात दिवस जातो. सागर सरांनी एकदा विचारलं की मेलची सोय असताना हे कशाला. ती म्हणाली, "फोल्डर बंद झाल्यावर मेल जाते सर. हे आधीचं आहे." त्यांनी वाद घातला नाही.

गेल्या वर्षी अकोल्याला वेगळा सर्व्हर बसवला, तोही तिच्याकडं आला. आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाते. पहिल्या मंगळवारी तिनं मशीनला हात लावला नाही. प्रयोगशाळेतल्या सोळा जणांजवळ एकेक करून बसली आणि प्रत्येकाला विचारलं की सकाळी आल्यावर तुमी पहिलं कोणतं फोल्डर उघडता. काहींना पटकन सांगता आलं नाही. ती थांबली, आणि मग त्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं.